जून महिन्याचा जमाखर्च

शाळा उघडण्याचा दिवस विद्यार्थ्यांस जसा दिसतो तसा तो शिक्षकांस दिसत नाहीं. आणि ज्या शिक्षिकेच्या घरीं तान्हें मूल आहे तिला तर तो अगदींच निराळा दिसतो. विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें नवीं पुस्तकें आणि नवा वर्ग असतो; पालकांच्या डोळ्यांपुढें दुकानदाराची यादी असते; आणि फळ्यापुढें उभ्या असलेल्या बाईंच्या मनांत या दोन्ही गोष्टी असून शिवाय तिसरी एक असते, ती म्हणजे पाळणाघरांत ठेवून आलेल्या बाळाची. या तिसऱ्या गोष्टीविषयीं येथें कांहीं लिहावें असें आम्हांस वाटलें. बाईंच्या त्यागाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. गोडवे गाऊन कोणाचेंहि ओझें हलकें होत नाहीं. जून महिन्यांत तिच्यावर नेमका कोणता भार पडतो, तो सगळा एकाच वेळीं कां पडतो, आणि त्यांतील किती भाग थोड्याशा व्यवस्थेनें कमी होण्यासारखा आहे, एवढेंच समजावून सांगावयाचें आहे.

प्रथम तारखांचा योग पाहूं. महाराष्ट्रांतील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भांत उन्हामुळें त्या आणखी कांहीं दिवसांनीं उघडतात. प्रसूतिरजेचा कायदा असा आहे कीं, पहिल्या दोन मुलांच्या वेळीं नोकरींतील स्त्रीस २६ आठवड्यांची पगारी रजा मिळावी, आणि त्यांपैकीं फार तर ८ आठवडे तिला प्रसूतीच्या आधीं घेतां यावे. आतां आमच्या बालवाचकांनीं एक लहानसें गणित करून पाहावें. एका शिक्षिकेनें शेवटच्या दिवसापर्यंत वर्ग घेतले आणि १५ डिसेंबरला तिला मूल झालें असें समजा. त्या दिवसापासून मोजलें तर २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, वर्ष लीप नसल्यास १४ जूनला पुरे होतात. १५ जूनला शाळेची घंटा वाजते, आणि त्याच दिवशीं मूल सहा महिन्यांचें होतें.

हा सहा महिन्यांचा आकडाहि साधा नव्हे. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचें दूध द्यावें, वरचें पाणीसुद्धां देऊं नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यानंतर मऊ भात, वरणाचें पाणी, नाचणीची खीर असें वरचें अन्न सुरू करावें, परंतु आईचें दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेंहि चालू ठेवावें, असें ती संघटना सांगते. म्हणजे ज्या आठवड्यांत रजा संपते, त्याच आठवड्यांत उष्टावण येतें. नवें अन्न, नवी जागा आणि नवीं माणसें या तीन गोष्टी त्या जिवास एकदम भेटतात. त्यांत पावसाळा लागलेला असतो. दुपटीं वाळत नाहींत आणि सर्दी-खोकल्याचे दिवस सुरू होतात. थोरला भाऊ किंवा बहीण शाळेंत जाणारी असेल, तर तिचें दप्तर त्याच आठवड्यांत भरावयाचें असतें.

इकडे शाळेंत काय चालतें तें विद्यार्थ्यांस अर्धेंच दिसतें. प्रवेशोत्सव होतो, पुस्तकें वाटलीं जातात, वेळापत्रक फळ्यावर लिहिलें जातें; एवढें मुलें पाहतात. त्यामागें वर्षाचें नियोजन, प्रत्येक घटकाचें नियोजन व रोजच्या पाठाचें टाचण असतें. नवीं नांवें हजेरीपटावर चढवावयाचीं असतात. जन्मतारीख, दाखला व आधार क्रमांक यांचा मेळ घालावयाचा असतो. हें शेवटचें काम कंटाळवाणें असलें तरी क्षुल्लक नाहीं. पटावरील मुलांच्या संख्येवरून शाळेस किती शिक्षक मिळावयाचे तें ठरतें, आणि त्यास संचमान्यता म्हणतात. एका पालकानें दाखला महिनाभर उशिरां आणला, तर त्याचा परिणाम एखाद्या शिक्षकाच्या पदापर्यंत पोंचूं शकतो. हीं कामें शाळेच्या वेळांत क्वचितच आटोपतात. तीं पिशवींतून घरीं जातात आणि बाळ निजल्यावर उघडलीं जातात.

आतां पैशाकडे वळूं. महाराष्ट्रांत नवीन नेमणूक झालेल्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून ठराविक मानधनावर काम करावें लागतें. २०२३ सालीं हें मानधन वाढवून प्राथमिक शाळेंत दरमहा १६,०००, माध्यमिक शाळेंत १८,००० व कनिष्ठ महाविद्यालयांत २०,००० रुपये करण्यांत आलें. त्यापूर्वी तें अनुक्रमें ६,०००, ८,००० व ९,००० रुपये होतें. विनाअनुदान शाळांची स्थिति याहून निराळी असते. कांहीं ठिकाणीं नेमणूकच जून ते एप्रिल अशी होते, आणि सुटीच्या दिवसांचा पगार मिळत नाहीं. ज्या महिन्यांत खर्च सर्वांत मोठा, त्याच्या अगोदरचा महिना अशा घरांत सर्वांत रिकामा असतो.

हें कसें घडतें तें दाखविण्याकरितां एक कल्पित हिशेब मांडतों. एका माध्यमिक शाळेंतील बाईंचें मानधन १८,००० रुपये आहे. घरभाडें व कर्जाचा हप्ता यजमानांच्या मिळकतींतून जातो. बाकीचें घर बाईंच्या मानधनावर चालतें. किराणा, दूध, भाजी व गॅस मिळून ८,०००, पाळणाघर ४,०००, जाण्यायेण्याचा खर्च २,०००, वीज व फोन १,५००, औषधपाणी १,५००. एकूण १७,००० रुपये झाले, शिल्लक १,०००. आतां जून येतो. थोरल्या मुलाच्या गणवेशाचे दोन जोड १,६००, वह्या ९००, दप्तर ७००, बूट ६००, रेनकोट ५००, फीचा पहिला हप्ता २,५००, आणि बाळाच्या पाळणाघराची अनामत ४,०००. ही बेरीज १०,८०० होते. महिन्याची शिल्लक १,००० वजा जातां ९,८०० रुपये कमी पडतात.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. याच घराचा वर्षाचा हिशेब केला तर काय दिसतें? दरमहा १,००० प्रमाणें बारा महिन्यांची शिल्लक १२,००० आणि जूनचा जादा खर्च १०,८००. म्हणजे वर्षाअखेर १,२०० रुपये उरतातच. वर्ष नफ्यांत आहे, महिना तोट्यांत आहे. या घरांत उधळपट्टी नाहीं कीं आळस नाहीं. मिळकत बारा सारख्या भागांनीं येते व खर्च एका ढिगानें येतो, एवढाच काय तो दोष आहे. पुष्कळ कुटुंबें स्वतःस अव्यवहारी समजून कष्टी होतात. वास्तविक त्यांचें गणित चुकलेलें नसतें, त्यांच्या तारखा जुळत नसतात.

मात्र तारखा न जुळण्याची किंमत फार मोठी पडते. तेच ९,८०० रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजानें काढले आणि दर महिन्यास जी १,००० ची शिल्लक आहे ती सावकारास दिली, तर कर्ज फिटावयास बारा महिने लागतात आणि व्याजापोटीं जवळजवळ दोन हजार रुपये जातात. कर्ज फिटतें त्या दिवशीं पुढचा जून दारांत उभा असतो आणि हातांत कांहींच नसतें. म्हणून पुन्हां कर्ज. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण वहींत सोडवून पाहावें. चक्रवाढ व्याजाचा धडा पुस्तकांत जितका कोरडा वाटतो तितका तो घरांत नसतो.

यावर आपल्याकडील स्त्रियांनीं फार पूर्वीपासून काढलेला उपाय म्हणजे भिशी. बारा जणींनीं दरमहा एक-एक हजार जमवावे आणि चिठ्ठी निघेल तिला ते बारा हजार द्यावे. यांत व्याज नसतें. कोणाचा पैसा आधीं मिळतो, कोणाचा मागून. मे महिन्याची पाळी जर तान्ह्या मुलाच्या आईस आपखुषीनें दिली, तर वर सांगितलेला सगळा फांस सुटतो. भिशींत भीति एकच, कीं पाळी घेऊन गेल्यावर एखादीनें हप्ता थांबवूं नये. म्हणून ती ओळखीच्या व नियमित मिळकतीच्या मंडळींतच लावावी. दुसरा उपाय शिक्षकांच्या पतपेढीचा. तिची वर्गणी व कर्जाचा हप्ता पगारांतूनच कापला जातो, आणि तिचें व्याज सावकाराच्या मानानें पुष्कळ कमी असतें. परंतु कायम नोकरी नसलेल्यांस तिचा दरवाजा सहसा उघडत नाहीं. तिसरा उपाय बँकेंतील किंवा टपाल कचेरींतील आवर्ती ठेवीचा. तींत थोडें व्याज पदरांत पडतें आणि पैसा बुडण्याची भीति नसते. बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनीं उपासनेच्या वेळीं ऐकलेला आहे. आधीं बसून हिशेब करावा, हा त्यांतील बोध जूनच्या बुरुजासहि लागू आहे, आणि तो हिशेब जुलैंतच करावयास बसलें पाहिजे.

पैशाचा भार असा वांटून घेतां येतो. शरीराचा भार मात्र दुसऱ्यावर टाकतां येत नाहीं. अंगावरच्या दुधाचा निसर्गनियम असा आहे कीं, जितकें दूध निघतें तितकें तें पुन्हां तयार होतें; निघालें नाहीं तर छाती भरून दुखते आणि हळूहळू दूध आटतें. आई सहा-सात तास शाळेंत राहिली तर मधून तिला बाळास पाजावयास जातां आलें पाहिजे, नाहीं तर दूध काढून ठेवतां आलें पाहिजे. स्वच्छ धुतलेल्या, झांकणाच्या भांड्यांत काढलेलें दूध खोलीची उष्णता २५ अंशांपर्यंत असल्यास चार तास टिकतें, आणि फ्रीजमध्यें चार दिवस टिकतें. आमच्याकडील जूनची हवा पुष्कळदां याहून उष्ण असते. म्हणून बर्फाची पिशवी जवळ असलेली बरी. असें दूध विस्तवावर तापवूं नये. भांडें कोमट पाण्यांत ठेवावें, म्हणजे त्याचा थंडपणा जातो.

कायद्यानें आईस मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत दिवसांतून दोन वेळां यासाठीं सवड दिली आहे. ही सवड देण्यास शाळेला एक पैहि खर्च येत नाहीं. आठ तासांच्या वेळापत्रकांत प्रत्येक शिक्षकास एखाद-दोन रिकामे तास असतात. ते दोन्ही एकास लागून न ठेवतां तिसरा व सहावा असे ठेवले, आणि त्या तासांवर बदली काम दिलें नाहीं, म्हणजे झालें. एक स्वच्छ खोली, आंतून लागणारी कडी व हात धुण्यास पाणी, एवढी आणखी सोय हवी. यांतलें कांहींच अवघड नाहीं. कोणीतरी वेळापत्रक करतांना आठवण ठेवली पाहिजे इतकेंच.

ही आठवण समाजास फार उशिरां झाली. मुंबई इलाख्यांत प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ सालीं झाला, व तो गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. आदल्या वर्षीं कायदेमंडळांत त्या विधेयकास पाठिंबा देतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं, आईस या काळांत विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे आणि म्हणून त्याचा भार पुष्कळसा सरकारनें उचलावा, असें प्रतिपादन केलें होतें. इंग्लंडसारख्या देशांतहि लग्न झालें कीं शिक्षिकेस नोकरी सोडावयास लावण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं होती. ती १९४४ च्या शिक्षणकायद्यानें बंद झाली. आपल्याकडे सबंध देशाकरितां कायदा १९६१ सालीं झाला. २०१७ सालीं रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. आणि त्याच तरतुदी पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेतल्या गेल्या. खाजगी शाळांतील शिक्षिकांस या लाभाच्या कक्षेंत स्पष्टपणें आणण्याचें काम केरळ राज्यानें २०२० सालीं केलें. हा सगळा इतिहास वाचतांना एक गोष्ट मनांत ठसते. ज्या सवलतीस आज आपण साधी समजतों तिच्यासाठीं प्रत्येक वेळीं कोणास तरी उभें राहून बोलावें लागलें आहे.

कायद्यापूर्वीच्या काळांत हें ओझें एकेका स्त्रीनें कसें पेललें असेल, याचें उदाहरण पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत आहे. १८८२ सालीं त्यांचे पति वारले, तेव्हां त्यांची कन्या मनोरमा वर्षाचीहि झाली नव्हती. पुढच्याच वर्षीं त्या मुलीस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. प्रवासाच्या खर्चास त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा उपयोगी पडला. वाँटेज येथील मठांत त्यांनीं भगिनींस मराठी शिकविलें, आणि १८८४ पासून चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्या संस्कृत शिकवीत व स्वतःहि शिकत. त्या काळांत मनोरमेस वाँटेजच्या भगिनींनीं सांभाळलें. रमाबाईंच्या बुद्धीचें व धैर्याचें वर्णन सर्वत्र होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु मूल सांभाळणारे हात मिळाले नसते तर ती बुद्धि वर्गापर्यंत पोंचली असती काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १८८९ सालीं मुंबईंत ज्या शारदा सदनाची स्थापना झाली, त्याच्या संस्थापिकेस आई व शिक्षिका या दोन्ही भूमिकांची किंमत पुरती ठाऊक होती.

तेव्हां हात पुरविणें हीच खरी मदत. ती कोणी व कशी करावी? संस्थांपासून आरंभ करूं. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय असावी व आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाऊं द्यावें, असा नियम आहे. पुष्कळ शाळांत इतके नोकर नसतात. परंतु कांहीं संस्थांनीं मिळून एक सामाईक पाळणाघर चालविण्यास नव्या संहितेंत मोकळीक आहे. एका गांवांतील तीन-चार शाळांनीं मनावर घेतलें तर एक मोठी खोली, दोन सेविका आणि प्रत्येक शाळेचा थोडा वांटा, एवढ्यांत हें काम होईल. जी तरुण शिक्षिका मुलाकरितां नोकरी सोडून जाते, तिच्याबरोबर शाळेचा अनुभवहि जातो, आणि वर्षाच्या मध्यास नवीन शिक्षक आलें म्हणजे त्याची झीज अखेर विद्यार्थ्यांसच सोसावी लागते.

पालकांनीं करावयाच्या गोष्टी लहान आहेत. दाखले, छायाचित्रें व अर्ज ठरलेल्या तारखेस द्यावे. विचारावयाचें तें शाळेच्या वेळांत विचारावें, रात्रीं दहा वाजतां फोन करून विचारूं नये. गणवेश लहान झाला असेल तर धुऊन, बटणें लावून शाळेंत आणून द्यावा. दुसऱ्या कोणास तो होईल. आणि ज्या घरीं तान्हें मूल आहे तेथील वडिलांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, दूध पाजण्याखेरीज बाळाचें असें एकहि काम नाहीं जें पुरुषाच्या हातून होत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं पुस्तकपेढीस हातभार लावावा. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, १९६७ सालीं स्थापन झालें. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकें फुकट मिळतात. नववीपासून मात्र तीं विकत घ्यावीं लागतात. वह्यांचा खर्च वांचावा म्हणून २०२३-२४ मध्यें पुस्तकांतच कोरीं पानें घालण्याचा प्रयोग शासनानें केला होता, पण मुलें वह्या आणीतच राहिलीं, आणि २०२५ सालीं तो मागें घेण्यांत आला. त्या प्रयोगापेक्षां एप्रिलमध्यें नीट जपलेलें पुस्तक खालच्या वर्गाच्या मुलास देणें हा सोपा व खात्रीचा उपाय आहे. जुन्या वह्यांचीं उरलेलीं कोरीं पानें शिवून कच्च्या कामाची वही होते. दिनदर्शिकेच्या जाड कागदाचें वेष्टण दुकानांतल्यापेक्षां अधिक टिकतें. अशीं चार पुस्तकें व दोन वह्या ज्या घरीं वांचल्या, त्या घराचा जून तेवढ्यापुरता हलका झाला. मग तें घर विद्यार्थ्याचें असो कीं बाईंचें.

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुकानाच्या रांगेंत हातांत यादी घेऊन उभ्या असलेल्या आईस आणि वर्गांत तीच यादी वाचून दाखविणाऱ्या बाईंस आपण दोन बाजूंच्या व्यक्ति समजतों. वास्तविक त्या दोघींचा जमाखर्च एकच आहे. म्हणून यादी करतांना शिक्षकांनीं पालकांच्या पिशवीचा विचार करावा, आणि मागणी करतांना पालकांनीं शिक्षकांच्या घड्याळाचा विचार करावा. शाळा यंदाहि उघडेल, पाऊसहि येईल, खर्चहि चुकणार नाहीं. पुढच्या जूनची तयारी कोणत्या महिन्यांत सुरू करावयाची, एवढें आपल्या हातीं आहे. आणि आमच्या मतें त्याचें उत्तर जुलै हेंच आहे.